मध्ययुगीन युरोपचं ताट: नाइलाज की निवड?

मध्ययुगीन युरोपातल्या खाण्यापिण्याविषयी दोन गोष्टी आपण कुठे ना कुठे ऐकलेल्या असतात. पहिली अशी की, सडू लागलेल्या मांसाचा वास मारण्यासाठी तिथले लोक भरमसाट मसाले वापरत आणि त्या मसाल्यांच्या गरजेपोटीच त्यांची जहाजं शेवटी मलबारच्या किनाऱ्याला लागली. दुसरी अशी की, पाणी पिण्याजोगं नसल्यामुळे तिथले लहानथोर सगळे सकाळपासून बिअर किंवा वाइन पीत. या दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: त्या काळचा माणूस जे खात-पीत होता ते नाइलाजाने, चव आणि विचार या गोष्टी त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. गेल्या काही दशकांत इतिहासकारांनी हिशेबवह्या, न्यायालयांच्या नोंदी, पाककृतींची हस्तलिखितं आणि उत्खननातली हाडं यांचा जो अभ्यास केला आहे, तो पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातलं युरोपीय ताट तीन गोष्टींनी घडवलं, असं माझं म्हणणं आहे: चर्चचं पंचांग, वैद्यकाने शिकवलेली शरीराची समजूत आणि मालाच्या वाहतुकीचा खर्च. टंचाई होती, दुष्काळ होते, घाणही होती. पण त्या काळचं ताट असंच का होतं, दुसऱ्या कोणत्या प्रकारचं का नव्हतं, याचं उत्तर टंचाईतून मिळत नाही.

आधी पुराव्याबद्दल सांगायला हवं, कारण इथली बरीचशी गल्लत पुराव्याच्या स्वरूपातून झाली आहे. आपल्या हाती असलेली पाककृतींची पुस्तकं राजवाड्यांतली आणि श्रीमंत घरांतली आहेत. फ्रान्सच्या राजघराण्याचा आचारी गियोम तिरेल, म्हणजे तायवाँ, याच्या नावावर असलेलं ‘ल व्हियांदिए’, इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या आचाऱ्यांनी 1390च्या सुमारास तयार केलेलं ‘फॉर्म ऑफ क्युरी’, साधारण 1393चं ‘ल मेनाजिए द पारी’, आणि सव्हॉयच्या दरबारातला आचारी शिकार (Chiquart) याने 1420 मध्ये सांगून लिहवून घेतलेला ग्रंथ ही त्यांतली ठळक नावं. ‘मेनाजिए’ एका सधन पॅरिसवासी नवऱ्याने आपल्या तरुण बायकोसाठी लिहिलेलं असल्यामुळे दरबाराच्या एक पायरी खालचं घर त्यात दिसतं, इतकंच. शेतकऱ्याच्या चुलीवर काय शिजत होतं हे यांतल्या एकाही पुस्तकात नाही. त्यासाठी जमीनदारांच्या वह्या उघडाव्या लागतात. सुगीच्या मजुरांना रोज काय वाढलं, मठात किती पाव लागला, गावच्या न्यायसभेत कोणत्या बाईला कमी मापाची एल (हॉप्स न घातलेली बिअर) विकल्याबद्दल दंड झाला, या नोंदी कोरड्या आहेत, पण त्या कुणावर छाप पाडण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. म्हणून जिथे पाकपुस्तक आणि हिशेबवही यांचा मेळ बसत नाही, तिथे मी वहीच्या बाजूने उभा राहीन.

आता मसाले. मिरी, आलं, दालचिनी, लवंग, जायफळ, केशर आणि पश्चिम आफ्रिकेतून येणारे मिऱ्यासारखे तिखट दाणे हे सगळं श्रीमंतांच्या स्वयंपाकात सढळ हाताने पडत होतं, यात वाद नाही. वाद कारणाबद्दल आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या कुशल सुताराला एक पौंड मिरी घ्यायला दोन दिवसांहून जास्त मजुरी मोजावी लागे. लवंग, जायफळ, केशर यांचे भाव त्याहून कितीतरी चढे. ज्याला हे परवडत होतं त्याला ताजं मांस सहज परवडत होतं. त्याच्या घरी कोंबड्या पाळलेल्या होत्या, तळ्यात मासे होते, शिकारीचं रान त्याच्याच मालकीचं होतं. शिवाय खराब मांस ही गोष्ट लोक मुकाट्याने सोसत होते असंही नाही. खराब मांस विकणाऱ्या खाटकाला लंडनमध्ये भर चौकात खोड्यात उभं करून ते मांस त्याच्या नाकाखाली जाळण्याची शिक्षा होती. मांस टिकवण्याचे उपायही माहीत होते: मीठ, धूर, वारा, शिरका. मसाला यांत बसत नाही. ‘मेनाजिए’चा लेखक तर मसाले शक्य तितक्या उशिरा, पदार्थ उतरवता उतरवता घालायला सांगतो, म्हणजे त्यांचा गंध उडून जाणार नाही. वास दाबण्यासाठी धडपडणारा माणूस असं सांगत नाही, हे सुगंध जपणाऱ्याचं बोलणं आहे. आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते. चौदाव्या-पंधराव्या शतकात मिरी जसजशी खालच्या थरांत पोचू लागली, तसतसा वरच्या थरांनी तिच्यावरून हात आखडला आणि आफ्रिकी दाण्यांसारख्या दुर्मीळ पर्यायांकडे मोर्चा वळवला. गरज म्हणून वापरलेली वस्तू स्वस्त झाली की लोक ती जास्त वापरतात. प्रतिष्ठेसाठी वापरलेली वस्तू स्वस्त झाली की टाकून देतात.

पण प्रतिष्ठा हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं वैद्यकात आहे. ग्रीक वैद्य गॅलेनची परंपरा अरबी ग्रंथांतून समृद्ध होऊन अकराव्या शतकापासून दक्षिण इटलीतल्या सालेर्नोमार्गे पश्चिम युरोपात पोचली. तिच्या मते शरीरात चार रस असतात, प्रत्येक रस उष्ण किंवा थंड आणि कोरडा किंवा ओला असतो, आणि खाण्याच्या प्रत्येक जिनसालाही हेच गुण असतात. बगदादच्या इब्न बुतलानने अकराव्या शतकात लिहिलेला आरोग्याचा तक्ता लॅटिनमध्ये गेला आणि पुढे इटलीत त्याच्या सुंदर सचित्र प्रती निघाल्या. कोणता पदार्थ उष्ण, कोणता थंड, कोणत्या ऋतूत काय टाळावं हे ज्या घरात आजही सहज बोललं जातं, त्या मराठी वाचकाला ही भाषा समजवून सांगायला नको. या हिशेबाने मासा थंड आणि ओला, म्हणून त्याच्यासोबत उष्ण आणि कोरडा मसाल्याचा रस्सा. गोमांस कोरडं, म्हणून ते उकडायचं. डुकराचं मांस ओलसर, म्हणून ते भाजायचं. सगळ्यांत थंड आणि ओला मानला गेलेला मासा लॅम्प्रे. तो वाइनमध्ये बुडवून मारण्याची आणि जहाल मसाल्यांत शिजवण्याची रीत होती. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री 1135 मध्ये वारला तो वैद्याने मना केलेले लॅम्प्रे खाल्ल्यामुळे, असं हंटिंग्डनचा इतिहासकार हेन्री याने लिहून ठेवलं आहे. राजा खरोखर त्यानेच मेला का, हा प्रश्न वेगळा. राजाच्या मृत्यूचं कारण म्हणून त्या काळच्या सुशिक्षित माणसाला हे पटण्यासारखं वाटलं, एवढं मला पुरेसं आहे.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, वैद्यांची पुस्तकं वैद्यांपाशी, आचारी कशाला ती वाचायला जातो? पाककृतींत एकच आल्या-दालचिनीचा रस्सा दहा प्रकारच्या मांसांबरोबर वाढलेला दिसतो, मग कुठे राहिला उष्ण-थंडाचा बारीक विचार? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक पदार्थामागे वैद्याचा हात शोधणं चुकीचंच ठरेल. पण ‘फॉर्म ऑफ क्युरी’च्या सुरुवातीलाच, हे संकलन दरबारातल्या वैद्यकाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या जाणकारांच्या संमतीने झालं, असं नमूद केलं आहे. शिकारच्या ग्रंथात आजाऱ्यांसाठी वेगळे पदार्थ दिले आहेत. दरबाराबाहेर पाहायचं तर प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी आहे. त्याच्या हजारो पत्रांचा संग्रह आजही शाबूत आहे आणि त्यात वैद्याने त्याला काय खावं, काय खाऊ नये हे तपशिलाने कळवलेलं पत्र आहे. वैद्यक हे त्या काळच्या स्वयंपाकाचं व्याकरण होतं. बोलणारा प्रत्येक वाक्याला व्याकरण आठवत बसत नाही, तरी वाक्य त्याच चौकटीत पडतं.

दुसरी चौकट, आणि सर्वांत खालपर्यंत पोचलेली, चर्चच्या पंचांगाची. ईस्टरच्या आधीचा लेंटचा उपवासकाळ, दर शुक्रवार, बऱ्याच ठिकाणी शनिवार आणि बुधवारही, शिवाय नाताळाआधीचा काळ आणि संतांच्या सणांच्या आदल्या दिवशीचे उपवास. हे सगळं धरलं तर वर्षातले एक तृतीयांश ते जवळजवळ निम्मे दिवस मांस वर्ज्य असे. लेंटमध्ये दूध, लोणी, चीज, अंडीही वर्ज्य. याचा अर्थ असा की प्रत्येक स्वयंपाकघराला दोन ताटं ठेवावी लागत, एक मांसाच्या दिवसाचं, एक माशाच्या दिवसाचं. शिकारने मेजवानीची आखणी करताना मांसाच्या आणि माशाच्या पदार्थांच्या जोड्याच दिल्या आहेत. बदामाचं दूध या एका गोष्टीवरून पंचांगाची पकड लक्षात येते. बदाम सोलून, कुटून, पाण्यात कालवून, कापडातून गाळलेलं हे दूध लवकर नासत नाही, आटवता येतं, रस्सा घट्ट करतं आणि उपवासाला चालतं. त्यामुळे जिथे बदामाचं एक झाड उगवत नाही अशा उत्तरेकडच्या देशांतही भूमध्य समुद्रावरून बदामांच्या गोण्या येत राहिल्या. उपवासाने ताट रोडावलं नाही. त्याने बदाम, तांदूळ, अंजीर, तेल आणि मासे यांचा एक आख्खा व्यापार उभा केला.

माशांचं तर सांगायलाच नको. इंग्लंडमधल्या उत्खननांतल्या हाडांवरून असं दिसतं की इ.स. 1000च्या सुमारास समुद्री माशांचं, विशेषतः हेरिंग आणि कॉडचं, प्रमाण अचानक वाढलं. शहरं वाढत होती, नद्यांवर गिरण्यांचे बांध पडत होते, गोड्या पाण्यातला मासा पुरेनासा झाला होता आणि उपवासाचे नियम अधिक काटेकोर पाळले जात होते. पुढच्या दोन-तीन शतकांत या मागणीवर उत्तर युरोपची अर्थव्यवस्थाच उभी राहिली. बाल्टिकच्या तोंडाशी असलेल्या स्कोनियाच्या किनाऱ्यावर हेरिंगचे थवे येत. ल्युनेबर्गच्या खाऱ्या झऱ्यांतलं मीठ ल्युबेकमार्गे तिथे जाई आणि पिंपांत खारवलेला मासा युरोपभर पसरे. हान्झा या व्यापारी संघातल्या शहरांच्या श्रीमंतीचा हा एक मोठा आधार होता. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर कॉड नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडासारखा वाळवला जाई आणि बेर्गेनच्या बंदरातून दक्षिणेकडे निघे. असा मासा कुणी चवीसाठी मागवत नव्हतं. शुक्रवार आला म्हणून तो लागत होता.

नियम होते तशा पळवाटाही होत्या, आणि टीकाकार तिथे बोट ठेवतात. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीने मठवासीयांना दोन शिजवलेले पदार्थ, दिवसाला एक पौंड पाव आणि वाइनचं एक छोटं माप नेमून दिलं होतं. चतुष्पाद प्राण्यांचं मांस फक्त आजाऱ्यांना. उत्तर मध्ययुगात मठांनी मुख्य भोजनगृहाबाहेर वेगळी खोली काढली आणि तिथे मांस खायला सुरुवात केली, कारण नियम भोजनगृहापुरता आहे असा अर्थ लावता येत होता. 1336 मध्ये पोप बारावा बेनेडिक्ट याने ही प्रथा मान्य केली, फक्त निदान निम्म्या भिक्षूंनी मुख्य भोजनगृहात जेवावं अशी अट घातली. रूआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. लेंटमध्ये लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहू लागला. जिथे ऑलिव्हचं तेल होत नाही तिथे लोण्याला बंदी म्हणजे महागाच्या परक्या तेलाची सक्ती, ही तक्रार पुढे धर्मसुधारणेच्या काळात जोरात मांडली गेली. या दाखल्यांवरून काहीजण म्हणतात की नियम नावापुरतेच होते. मला उलट वाटतं. ज्या नियमाला कुणी जुमानत नाही त्यातून सूट मिळवायला कुणी पैसे मोजत नाही. पळवाट शोधायला जेवढी अक्कल लागली, तेवढीच त्या नियमाची ताकद होती.

आता पाण्याचा मुद्दा. नदीकाठच्या शहरांत चामडं कमावणारे, खाटीक, रंगारी सगळे आपली घाण नदीत सोडत, आणि ते पाणी पिऊ नये हे लोकांना कळत होतं. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय पाणी सोडून देण्याचा नव्हता. चांगलं पाणी आणण्याचा होता. लंडनने 1237च्या सुमारास टायबर्नच्या झऱ्यांचे हक्क मिळवून शिशाच्या नळांतून पाणी शहरात आणलं. इटलीत पेरूजाच्या भर चौकातलं मोठं कारंजं 1270च्या दशकातलं, सिएनाच्या चौकात पाणी पोचलं 1340च्या दशकात, तेही डोंगरातून खोदलेल्या मैलोगणती बोगद्यांतून. 1345 मध्ये लंडनच्या लोकांनी तक्रार केली की एल गाळणारे सार्वजनिक नळाचं पाणी उपसून नेतात. त्या नोंदीत हा नळ कशासाठी बांधला तेही लिहिलं आहे: सधन आणि मध्यम लोकांना स्वयंपाकासाठी पाणी मिळावं आणि गरिबांना पिण्यासाठी. गरीब पाणी पीत होते, ही गोष्ट नगरपालिकेच्या कागदावर इतकी सहज येऊन जाते. मठांच्या नियमांत, संतचरित्रांत पाणी पिणं हे तपस्येचं लक्षण म्हणून येतं, मरणाचं नाही. लोक एल पीत कारण ती पौष्टिक होती, बार्लीतलं बरंच सत्त्व तिच्यात उतरत असे, आणि पाण्यापेक्षा ती वरच्या दर्जाची मानली जात असे. मोठ्या घरांत आणि मठांत माणशी दिवसाला चार लिटरांहून अधिक एल मिळे. तिच्यातलं मद्य बऱ्याचदा सौम्य असे. पाव आणि एल यांचा दर धान्याच्या भावाशी बांधणारा कायदा इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात झाला आणि गावोगावच्या न्यायसभांत एल गाळणाऱ्या बायकांना जवळजवळ दरवेळी किरकोळ दंड होत गेला, इतका नेमाने की तो परवान्याच्या शुल्कासारखाच झाला. ही एल चार-आठ दिवसांत आंबून जाई, म्हणून तिचा धंदा घरगुती आणि बायकांच्या हाती राहिला. हॉप्स या वेलीची फुलं घातलेली बिअर आठवडेच्या आठवडे टिकते, जहाजावर चढते. ब्रेमेन आणि हॅम्बुर्गने ती निर्यात केली, साधारण 1400च्या आसपास ती इंग्लंडमध्ये रुजू लागली, आणि भांडवल लागणारा हा धंदा हळूहळू पुरुषांच्या हाती गेला. एका वेलीच्या फुलाने हजारो बायकांचं उत्पन्न हिरावून घेतलं, आणि ज्यांनी ते गमावलं त्यांची नावं आज दंडाच्या याद्यांपलीकडे कुठेही उरलेली नाहीत.

वाइनच्या बाबतीत वाहतुकीचा खर्च हा मुद्दा सर्वांत ठळकपणे दिसतो. प्रभूभोजनाच्या विधीला वाइन हवीच, म्हणून ख्रिस्ती धर्माबरोबर द्राक्षवेल उत्तरेकडे जिथवर जगेल तिथवर गेली. 1086च्या डूम्सडे बुक या जमिनींच्या नोंदवहीत इंग्लंडमधल्या चाळिसाहून अधिक द्राक्षमळ्यांची नोंद आहे. पुढे ते मळे ओसरले. हवामान बिघडलं हे त्याचं कारण सांगितलं जातं, आणि चौदाव्या शतकापासूनचा गारवा खोटा नाही. पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. 1152 मध्ये, बोर्दो ज्यात येतं त्या अक्वितेनच्या एलेनॉरचं लग्न हेन्रीशी झालं, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि बोर्दोचं बंदर इंग्रज राजाच्या अमलाखाली आलं. गारोन नदीवरून उतरलेलं पिंप समुद्रमार्गे लंडन किंवा ब्रिस्टलला पोचवणं हे खडबडीत रस्त्याने शंभर मैल गाडी हाकण्यापेक्षा स्वस्त पडे. घरच्या आंबट वाइनला आता या स्वस्त आणि चांगल्या मालाशी स्पर्धा करायची होती. 1308-09 या एका हंगामात बोर्दोहून एक लाखाहून अधिक पिंपं निघाली. पिंप सुमारे 900 लिटरांचं, म्हणजे नऊ कोटी लिटरांच्या आसपास वाइन झाली. जहाज किती मोठं हे त्यात अशी किती पिंपं मावतात यावरून सांगितलं जाऊ लागलं. बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी आणखी हुशारी केली. आतल्या प्रदेशातली वाइन ठरावीक तारखेआधी बंदरात येऊ द्यायची नाही, म्हणजे शरद ऋतूत निघणाऱ्या ताफ्यात आपलीच वाइन आधी चढेल. ओसेरच्या लोकांबद्दल तेराव्या शतकातला फ्रान्सिस्कन साधू सालिम्बेने लिहितो की ते पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत. नदीवरून पॅरिसला वाइन पाठवतात आणि त्यावरच मजेत जगतात. आज ज्याला आपण एखाद्या भूमीची वाइन म्हणतो, तिच्या कीर्तीत मातीइतकाच वाटा जवळून वाहणाऱ्या नदीचा आहे.

ही वाइन आजच्यासारखी नव्हती हेही लक्षात घ्यायला हवं. काचेची बाटली आणि घट्ट बूच हे नंतरचे. पिंपात हवा शिरे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाइन बहुधा आंबट होई. त्यामुळे नवी वाइन महाग आणि जुनी स्वस्त, असा आजच्या नेमका उलट भाव असे. क्रीटहून व्हेनिसच्या जहाजांनी येणारी गोड माल्मसी जास्त टिकायची, म्हणून ती चढ्या दराने खपे. वाइन टिकेना म्हणून तिच्याबाबत लोक बेफिकीर होते असं मात्र नाही. 1364 मध्ये लंडनच्या जॉन पेनरोझ या वाइनविक्याला खराब, आरोग्याला अपायकारक वाइन विकल्याबद्दल शिक्षा झाली. त्याने त्याच वाइनचा एक मोठा घोट सर्वांसमोर प्यायचा, उरलेली त्याच्या डोक्यावर ओतायची, आणि राजाची मेहरबानी झाल्याशिवाय शहरात पुन्हा हा धंदा करायचा नाही. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने गामे या भरघोस पिकणाऱ्या द्राक्षवेलीवर बंदी घातली, कारण तिच्या हलक्या वाइनमुळे प्रदेशाचं नाव खराब होत होतं. बर्गंडीत 1098 मध्ये स्थापन झालेल्या सितोच्या मठाने आणि त्याच्या शाखांनी कोणत्या उतारावर कोणती वेल चांगली येते याची पिढ्यान्‌पिढ्या पारख केली होती. ड्यूक त्या कीर्तीचं रक्षण करत होता. दर्जाची चाड नसलेल्या समाजात असले हुकूम निघत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी उरतो: हे सगळं मूठभरांचं. बहुसंख्य शेतकरी राई-बार्लीचा पाव, कोबी-कांद्याची आमटी आणि जमलंच तर खारवलेल्या डुकराचा तुकडा यावर जगत. त्यांना कुठली निवड? 1315 ते 1317च्या महादुष्काळात लोकांनी बियाणं खाल्लं, नांगराचे बैल खाल्ले. तिथे उष्ण-थंडाच्या गोष्टी करणं क्रूरपणाचं होईल. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण माझ्या मांडणीची खरी परीक्षा 1347नंतर होते. प्लेगने युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली, मजुरांचा तुटवडा झाला, मजुरी वाढली. नॉरफोकमधल्या सेजफर्ड गावच्या सुगीच्या मजुरांच्या जेवणाचे हिशेब इतिहासकार ख्रिस्तोफर डायर यांनी तपासले. तेराव्या शतकाच्या मध्यावर मजुरांच्या अन्नखर्चात पावाचा वाटा फार मोठा आणि मांस अगदी थोडं होतं. पंधराव्या शतकात पावाचा वाटा घसरला, बार्लीच्या जागी गहू आला, मांस आणि एल यांचा वाटा कितीतरी वाढला. हातात पैसा येताच गरिबाने काय मागितलं? पांढरा पाव, ताजं मांस, चांगली एल. तीच प्रतवारी, तीच उतरंड, जी वरच्यांच्या ताटात होती. म्हणजे नियम आणि आवड खालपर्यंत झिरपलेली होती, परवडत नव्हती एवढंच. सत्ताधाऱ्यांना याचा इतका धसका बसला की 1363च्या इंग्लिश कायद्याने नोकरांना दिवसातून एकदाच मांस किंवा मासा द्यावा, बाकी दूध, लोणी, चीज यांवर भागवावं, असं फर्मावलं. टंचाईमुळे जर ताट साधं राहिलं असतं, तर साधेपणासाठी कायदा करावा लागला नसता.

मसाल्यांच्या शेवटाकडे पाहिलं की सडक्या मांसाची कथा पुरती कोसळते. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला, 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, सतराव्या शतकात डच कंपनीने लवंग-जायफळाचे ढीग युरोपात आणून ओतले. मसाले पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले, आणि नेमक्या त्याच काळात फ्रेंच दरबाराने ते टाकून दिले. 1651च्या ला वारेनच्या पाकग्रंथात लोणी, रस्सा आणि हिरव्या वनस्पतींचा स्वाद पुढे आला, दालचिनी-आल्याचे तिखट-आंबट रस्से मागे पडले. या दीडशे वर्षांत मांस ताजं ठेवण्याची एकही नवी युक्ती निघाली नव्हती. बर्फाची कपाटं अजून दोन शतकं दूर होती. मांस सडत होतं तसंच सडत राहिलं, मसाले मात्र गेले. गेलं ते त्यांचं दुर्मीळपण, आणि त्याचबरोबर चार रसांच्या वैद्यकावरचा विश्वास ढासळू लागला. त्यांना आधार देणारे दोन्ही खांब निघाले, म्हणून ते पडले. जुन्या चवीचा एक धागा मात्र पोर्तुगीज जहाजांवरून इकडे येऊन राहिला. वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस ही पोर्तुगालची रीत होती. गोव्यात वाइनची जागा माडाच्या शिरक्याने घेतली, अमेरिकेतून आलेली मिरची तीत मिसळली, आणि लवंग, दालचिनी, मिरी यांना तर इथे घरच मिळालं. गोव्याच्या विंदालूत शिरक्याचा आंबटपणा आणि गरम मसाले एकाच भांड्यात पडतात, तसे ते चौदाव्या शतकातल्या पॅरिसच्या रश्श्यातही पडत होते.